कारखान्यात बांधलेलं घर विदर्भातल्या गावात आणताना

मॉड्यूलर घर म्हणजे कारखान्यात डब्यासारख्या तयार भागांत (मॉड्यूल) बांधून जागेवर आणून जोडलेलं घर. त्याची चौकशी बहुतेक जण शेवटाकडून सुरू करतात. आधी मोबाईलवर फोटो, मग चौरस फुटाचा भाव, मग रंग. बयाणा देऊन झाल्यावर घरातलं कोणीतरी विचारतं, "पण हे आपल्या पांदणीतून येईल का?" म्हणून इथे सुरुवात पांदणीपासूनच केली आहे.

समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. प्रत्येकी ८ फूट रुंद आणि २० फूट लांब अशी तीन मॉड्यूल शेजारी-शेजारी ठेवायची. म्हणजे २४ बाय २० फूट, बाहेरून ४८० चौरस फूट. नवरा-बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई एवढ्यांना हे घर पुरतं.

आधी रस्ता मोजा

८ फूट हा आकडा उगाच आलेला नाही. मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत लागते, आणि ८ फूट म्हणजे २.४४ मीटर. कारखाने १० किंवा १२ फुटी मॉड्यूलही बनवतात. त्यात खोल्या ऐसपैस होतात, पण तो माल जादा मापाचा ठरतो, वाहतुकीची वेगळी परवानगी लागते आणि भाडंही वाढतं.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून निघालेलं ८ फुटी मॉड्यूल डांबरी रस्त्याने कुठेही जातं. डांबर संपलं की खरी अडचण सुरू होते. डांबरापासून जागेपर्यंत टेप घेऊन पायी चाला. मोकळी रुंदी निदान १२ फूट हवी. ट्रेलरचा फाळका साधारण ४ फुटांवर असतो, त्यावर साडेनऊ फुटांचं मॉड्यूल, म्हणजे साडेतेरा फूट झाले. वर दीड-दोन फूट मोकळे धरा. बाभळीच्या फांद्या आधीच छाटून घ्या. मोरी सिमेंटच्या पायपांची असेल तर पायपावर मातीचा किती थर आहे आणि पाईप फुटलेले नाहीत ना, हे खाली उतरून बघा. मारुतीच्या पाराजवळच्या वळणावर २० फुटी मॉड्यूल घेतलेला ट्रक फिरतो, ४० फुटी ट्रेलर बहुधा फिरत नाही.

तारांची उंची मोजायला त्याखाली बांबू किंवा पाईप उभा करू नका. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार नियमाने ५.८ मीटर आणि ११ केव्हीची ६.१ मीटर उंच असायला हवी. पण घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायरी गावात त्याच्या बऱ्याच खाली लोंबत असतात. महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि घर आणायच्या दिवशी तेवढा वेळ लाईन बंद करून घ्या. काठीने तार उचलून गाडी काढण्यात माणसं मरतात.

मॉड्यूल उचलायला हायड्रा (चाकांवरची क्रेन) लागेल, आणि तिलाही याच रस्त्याने येऊन टणक जागेवर उभं राहायचं आहे. १२ टनी हायड्रा १२ टन उचलते ती माल अगदी जवळ असताना. बूम (क्रेनचा हात) १५-२० फूट लांब गेला की क्षमता कितीतरी कमी होते. म्हणून एका मॉड्यूलचं वजन कारखान्याकडून लेखी घ्या आणि हायड्रावाल्याला त्याच्या लोड चार्टवर (किती लांबीवर किती वजन उचलतं तो तक्ता) दाखवायला सांगा.

एवढं करून रस्ता बसतच नसेल तर हट्ट करू नका. त्याच कारखान्याकडून सुटं घर मागवा. सांगाडा, पॅनल आणि छत वेगवेगळं येतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वावरात जातं आणि जागेवर जोडता येतं. तोटा हा, की सांधे कारखान्याच्या छताखाली न होता तुमच्या अंगणात होतात, आणि काम किती चांगलं होईल हे आलेल्या फिटरवर ठरतं. आमच्या मते गावठाणात किंवा रोडलगत पूर्ण मॉड्यूल आणावेत, आत वावरात सुटं घर बरं.

हंगामही इथेच ठरवा. जूननंतर काळ्या मातीच्या पांदणीत बंडी फसते, तिथे ट्रेलर काय चालणार! दसऱ्याच्या आसपास नकाशा पक्का करा, सोयाबीन निघाल्यावर पाया घ्या आणि जानेवारी-फेब्रुवारीत घर उतरवा. मधल्या शेजाऱ्यांच्या वावरातली कपाशी निघालेली असेल तर गाडी वळवायला धुऱ्याची अडचणही कमी होते.

जागेचे कागद

"हे घर उचलून नेता येतं, म्हणून परवानगी लागत नाही" असं विकणारा सांगतो. राहायला पाया घालून ठेवलेलं घर हे बांधकामच धरा. गावठाणातल्या जागेला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आपल्या नावाने आहे का बघा, नकाशासह अर्ज द्या आणि पोच घ्या. शेतजमिनीवर असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ हे आधी पाहा. वर्ग २ (सरकारी अटी असलेली जमीन) असेल तर तहसीलमध्ये विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड खाली अकृषिक वापराची वाट सोपी आहे. नागपूरभोवतीची बरीच गावं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतात. तिथे नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर भागत नाही.

घरकुलाचा पैसा यात लावायचा विचार असेल तर बयाण्याआधी पंचायत समितीतल्या घरकुल अभियंत्याला भेटा. घरकुलाचे हप्ते जोता, भिंत, छत अशा टप्प्यांच्या फोटोंवर सुटतात, आणि कारखान्याचं घर एका दिवसात छतासकट उभं राहतं. बँकेच्या गृहकर्जातही हाच पेच येतो.

काळी माती आणि पाया

पाया तुमच्या गळ्यात असतो. कारखाना फक्त आधारबिंदूंचा नकाशा देतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे काळ्या मातीवर ६ इंचाचा काँक्रीट बेड टाकून त्यावर मॉड्यूल ठेवणं. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसाळ्यात बेडच्या कडेखालची माती भिजते, मधली कोरडी राहते. त्यामुळे कडा वर उचलल्या जातात, मॉड्यूलची चौकट किंचित पिळते, दार घासायला लागतं आणि दोन मॉड्यूलमधला सांधा उघडतो. पुढच्या पावसात तिथूनच गळतं. लोक छताला दोष देतात, मूळ कारण असतं खाली.

जागेच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे खणा. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर प्रत्येक आधाराखाली सुटी फुटिंग (काँक्रीटची बैठक) मुरमात बसवा. दहा फुटांच्या पुढेही काळीच असेल तर अंडर-रीम पाईल घ्या. साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल आणि तळाशी फुगा असलेला हा खांब काळ्या मातीसाठीच आहे. फुगा खांबाच्या साधारण अडीचपट रुंद असतो. मधली खोली असेल तर इंजिनिअरला पैसे देऊन विचारा. पैसे वाचवायची ही जागा नाही.

आपल्या तीन मॉड्यूलना लांबीच्या चार रेषा येतात. प्रत्येक रेषेवर दोन टोकं आणि मध्य असे तीन आधार, म्हणजे १२. मधल्या दोन रेषांवरच्या सहा आधारांवर दोन-दोन मॉड्यूल टेकणार, म्हणून त्यांचा माथा १८ बाय १८ इंच ठेवा. बाहेरच्या सहाला १२ बाय १२ पुरतो. प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीट तुळई) घेतलात तर तिच्या पोटाखाली तीन-चार इंच पोकळी सोडा, नाहीतर फुगणारी माती तिला वर ढकलते. गवंडी ती पोकळी प्रेमाने मुरूम भरून टाकतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

माप दोनदा तपासा. २४ बाय २० चा कर्ण ३१ फूट ३ इंचांच्या जवळ येतो, आणि दोन्ही कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक नको. बाराही माथ्यांची पातळी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने पाहा. ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक स्टीलच्या पट्ट्या सारून भरता येतो. त्याहून जास्त असेल तर घर येण्याआधीच दुरुस्त करा, हायड्रा तासावर उभी असताना नव्हे.

जोता जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच ठेवा. वैनगंगेकाठी असाल तर ऑगस्ट २०२० च्या पुराची खूण शोधा आणि त्यावर एक फूट घ्या. खालची पोकळी विटांनी बंद करू नका. हवा खेळली पाहिजे, पण साप आणि मुंगूस आत शिरू नयेत म्हणून बारीक जाळी मारा. घराभोवती चार फूट रुंद, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करा, म्हणजे छताचं पाणी पायाजवळ मुरणार नाही.

नकाशा: ८ फुटांचा सापळा

८ फूट बाहेरून असतात. दोन्ही भिंतींची जाडी गेली की आत साधारण साडेसात फूट उरतात. त्यात ६ फुटी दिवाण आडवा टाकला की रेल्वेचा डबा वाटतो. म्हणून खोल्या मॉड्यूलला आडव्या काढतात: दोन मॉड्यूलच्या मधल्या भिंती काढून १५-१६ फुटांची बैठक. पण मग सांधा बैठकीच्या बरोबर डोक्यावर येतो. सांधा जितका भिंतीवर येईल तितका चांगला, आणि उघडा ठेवायचाच तर एकच ठेवा, दोन नको.

न्हाणी, संडास आणि स्वयंपाकघर तिन्ही एकाच मॉड्यूलमध्ये बसवा. सगळे नळ आणि पाईप कारखान्यातच जोडून, पाणी सोडून तपासता येतात. टाइल्स मात्र कारखान्यात लावू नका. वाटेत हादरे बसून सांधे तडकतात.

पॅनलच्या भिंतीत खिळा धरत नाही. कपाट, टीव्ही, गीझर, देवघर आणि भांड्यांची मांडणी कुठे लटकणार ते नकाशावर दाखवा, म्हणजे तिथे आतून स्टीलची पट्टी किंवा जाड प्लाय टाकतील. पंख्याचे हुक आणि पाळण्याचे कडे थेट सांगाड्याला वेल्ड केलेले हवेत. लोक पाळणा हमखास विसरतात, आणि मग छताच्या पॅनलला भोक पाडून दोर ओवतात.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. ती छतावर नको, वेगळा स्टँड करा. सौर पॅनल लावायचे असतील तर त्यांचं वजन आणि आधाराच्या जागा आत्ताच सांगा. कापाकाप सुरू झाल्यावर केलेला प्रत्येक बदल महागात पडतो. म्हणून प्रत्येक पानावर सही करून नकाशा गोठवा.

भिंत आणि छत

"टिनाचं घर तापतं" ही म्हातारीची शंका रास्त आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो. नुसतं टिन आणि आतून सीलिंग अशा घरात दुपारी बसवत नाही. दोन पत्र्यांमध्ये पफ (पॉलियुरेथेन फोम) भरलेलं पॅनल घ्या: भिंतीला निदान ५० मिमी, छताला ८० किंवा १००. थर्माकोलचं पॅनल स्वस्त पडतं, पण उंदीर ते पोखरून आत बिळं करतात. पफमध्येही कापलेली कड उघडी राहिली तर मुंग्या शिरतात, म्हणून प्रत्येक कड पट्टीने झाकलेली हवी.

पफची घनता कागदावर ४० किलो प्रति घनमीटर लिहिलेली असते. खरी आहे का, हे घरच्या घरी कळतं. ५० मिमी पॅनलचा तुकडा मागा, पत्रे सोलून १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा. तो ५०० घनसेंटिमीटर होतो, आणि ४० घनतेला त्याचं वजन २० ग्रॅम भरायला हवं. सोनाराच्या काट्यावर १४-१५ ग्रॅम भरला तर माल हलका आहे. असा पफ कालांतराने आकसतो, पत्रा सुटतो आणि दाबला की डबडब वाजतो.

पत्रा ०.५ मिमीचा मागा. ०.३५ चाही सर्रास विकला जातो, आणि त्यावर वानरांची टोळी एकदा उतरली की छताला खळगे पडतात. खळग्यात पाणी साचतं आणि तिथून गंज धरतो. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही तेच होतं. रंग पांढरा किंवा फिका घ्या. पश्चिमेला ६ फुटांची ओसरी काढा, पण तिचे खांब स्वतंत्र ठेवा. मॉड्यूलला टांगलेली ओसरी वादळात भिंत ओढते. सांगाड्याचा हिशोब नागपूरसाठी ४४ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला केला आहे का, हे लेखी विचारा.

पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे रॉकवूलचं पॅनल किंवा सिमेंट बोर्ड लावून घ्या, सिलिंडर बाहेर ठेवा, चूल तर बाहेरच.

जमिनीला बहुधा १८ मिमीचा सिमेंट बोर्ड येतो. प्लाय देत असतील तर नाही म्हणा, उधईला दोन पावसाळे पुरतात.

आता कूलर. या घराला फटी नसतात, म्हणून समोर हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसती दमट हवा कोंबतो आणि अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरच्या भिंतीत वर झडप ठेवा. पाणी भरलेला कूलर शंभर किलोच्या पुढे जातो, तो पॅनलवर टांगू नका, जमिनीवरच्या घोडीवर ठेवा. आणि त्याचं गळणारं पाणी भिंतीच्या तळच्या पन्हळीत जाणार नाही असं बघा. पॅनल ज्या खालच्या यू-पट्टीत उभं असतं ती आतून गंजते, आणि पत्रा फुगेपर्यंत कळत नाही.

भाव आणि पैसे

कोटेशनमध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते वाचा. पाया, वाहतूक, हायड्रा, फिटरांचा मुक्काम आणि जेवण, सेप्टिक टाकी, मीटरपासून घरापर्यंतची केबल, अर्थिंग, सांध्यावरचं फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) आणि १८ टक्के जीएसटी यांतलं प्रत्येक "आत" की "बाहेर" ते लिहून घ्या. फ्लॅशिंग बाहेर ठेवणारे निघतात, आणि तेच सगळ्यात महाग पडतं.

गाडी निघण्याआधी जवळपास सगळे पैसे मागण्याची पद्धत आहे. घासाघीस भावावर करण्यापेक्षा हप्त्यांवर करा: नकाशावर सही झाली की ३० टक्के, सांगाडा उघडा पाहिल्यावर ३०, कारखान्यात पाण्याची चाचणी झाल्यावर ३०, आणि शेवटचे १० पहिला पाऊस झाल्यावर. शेवटच्या हप्त्याला कोणी सहज तयार होत नाही. निदान ५ टक्के तरी अडवून ठेवा.

कारखान्यात दोनदा जा

पहिली फेरी सांगाडा उघडा असताना. बॉक्स पाईप करारात लिहिल्याप्रमाणे २ मिमीचा आहे का, हे उघड्या टोकाला व्हर्निअर लावून पाहा, १.६ चा डोळ्यांना ओळखू येत नाही. वेल्डिंग नुसते टाके मारलेलं आहे की पूर्ण फिरवलेलं, वेल्डवर प्रायमर बसला आहे का, सांगाड्याच्या खालच्या बाजूलाही रंग आहे का, हे वाकून बघा. सगळे फोटो काढा, पॅनल लागल्यावर काही दिसत नाही.

दुसरी फेरी घर पूर्ण झाल्यावर. तीनही मॉड्यूल जवळ लावून जोडायला सांगा आणि छतावर अर्धा तास पाईपने पाणी सोडा. बादलीभर पाणी ओतून समाधान मानू नका. खिडक्यांवर पाणी बाजूनेही मारा, कारण आपल्याकडचा पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो.

घर उतरवताना

सकाळी लवकर सुरू करा. मधलं मॉड्यूल आधी, मग दोन्ही बाजूंची. हायड्राने चारही कोपऱ्यांच्या कड्यांतून, मध्ये आडवी तुळई लावून उचललं पाहिजे. नुसत्या तिरक्या साखळ्यांनी उचललं तर वरच्या कडा आत दबतात आणि पुढे दारं बसत नाहीत. टेकवल्यावर बोल्ट कसण्याआधी सगळी दारं-खिडक्या उघडून पाहा. दार घासत असेल तर रंधा मारू देऊ नका, खालची पट्टी बदलून पातळी दुरुस्त करायला लावा.

सांध्यात आधी ब्युटाइल टेप, त्यावर फ्लॅशिंग, त्यावर रबरी वॉशरचे स्क्रू. नुसत्या सिलिकॉनवर भागवलेला सांधा एक-दोन उन्हाळ्यांत चिरतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेला हवा, पन्हळीत नाही.

संडासाचा पाईप जमिनीतल्या पाईपला रबरी जोडाने जोडा. माती हलते, घर हलत नाही, मधला ताठ जोड तुटतो. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात वरपर्यंत भरतो, म्हणून सेप्टिक टाकी करा आणि तिचं पाणी मुरमापर्यंत नेलेल्या खड्ड्यात सोडा.

सगळं घर लोखंडी असल्यामुळे वीज हा हलक्यात घ्यायचा विषय नाही. दोन स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक मॉड्यूलचा सांगाडा तांब्याच्या किंवा जीआय पट्टीने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेला, आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). पॅनलमधून जाणारी वायर पाईपमधूनच गेलेली असावी. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमन तो काढून टाकायला निघाला तर काढू देऊ नका. कुठेतरी वायर पत्र्याला लागली आहे, ती शोधायला लावा.

पहिलं वर्ष

मे महिन्यात दुपारी आणि पहाटे सांधे पाहा. पत्रा तापून वाढतो आणि थंड होऊन आकसतो, त्यात स्क्रू सैल होतात. मृगाआधी सगळे एकदा कसून घ्या. पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन सांध्याखाली, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत आणि कूलरच्या भोकाजवळ हात फिरवा. ओल दिसली की तारखेसह फोटो काढा आणि अडवलेले पैसे देण्याआधी दुरुस्ती करून घ्या. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, बाराही आधारांची पातळी पुन्हा नळीने मोजा आणि पायाच्या वेळच्या आकड्यांशेजारी त्याच वहीत लिहा. एखादा आधार ५ मिमीहून जास्त हलला असेल तर त्याच्या भोवती पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधा, पट्टी नंतर सारा.